परदेशात सायकल चालवायला जायचंय, पण नेमकं कुठे?

परदेशात सायकल टूर करायची एवढं ठरलं आणि लगेच मोठमोठी नावं यायला लागली. दादाला स्टेल्व्हिओ पास हवा होता, इटलीतला घाट, 2757 मीटर उंच, प्रातो गावाच्या बाजूनं चढलं की नंबर घातलेली 48 वळणं. नवऱ्याचा जीव तैवानमध्ये, तिकडे अख्ख्या बेटाला वळसा घालणारा सायकल रूट आहे, साडेनऊशे किलोमीटरच्या वर. वहिनी बराच वेळ नुसती ऐकत होती, मग म्हणाली, "सगळं छान आहे, पण समजा मधेच नाही जमलं तर काय करायचं?"

मला विचाराल तर जागा निवडताना याच्याइतका कामाचा प्रश्न दुसरा नाही. आपण किलोमीटर बघतो, चढ बघतो, फोटो तर बघतोच बघतो, पण रूटवरून मधेच बाहेर कसं पडायचं हे कोणी बघत नाही, आणि चौघं जण चार वेगांनी चालवणारे असतील तर दिवस कसा जाणार हे त्यावरच ठरतं.

मग त्याच चष्म्यातून सगळी यादी परत बघितली. स्टेल्व्हिओचा चढ साधारण 24 किलोमीटरचा आणि उंची वाढते 1800 मीटर, म्हणजे सरासरी सात टक्क्यांच्या वर, तेही मागे पॅनिअर, म्हणजे सामानाच्या पिशव्या, लावून. दादा आरामात चढेल, पण बाकीचे अर्ध्यात थकले तर पुढेही चढ आणि मागे फिरायचं तर सगळी मेहनत पाण्यात. तैवान खूप आवडलं होतं, पण मोठी रजा हवी, आणि उन्हाळ्यात टायफून तर हिवाळ्यात ईशान्येचा जोरदार वारा, आमच्या तारखा त्यात बसेनात.

नेदरलँड्सवर मात्र बरंच अडलो. तिकडे सायकलरस्त्यांचे जंक्शन नंबर असतात, त्याला क्नोपपुंट म्हणतात, तुम्ही फक्त नंबर लिहून घ्यायचे, 23 मग 41 मग 8, आणि पाट्या बघत जायचं. ही पद्धत निघाली शेजारच्या बेल्जियममध्ये, लिम्बर्ग भागात 1995 साली, आणि ती सुचली एका खाणीत काम केलेल्या इंजिनिअरला, कोळशाच्या खाणीत बोगद्यांच्या जंक्शनांना नंबर असायचे त्यावरून. मला ही गोष्ट फार म्हणजे फार आवडते. दमलात तर दोन नंबर गाळा, रूट आपोआप छोटा. पण तिथं वारा आहे, आणि सपाट प्रदेश म्हणजे सोपा असं समजू नका, चढ निदान संपतो तरी, समोरचा वारा दिवसभर सोडत नाही.

शेवटी डॅन्यूब नदी ठरली, जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. नदीच्या कडेनं जायचं आणि नदी ज्या दिशेनं वाहते त्याच दिशेनं, त्यामुळे एवढ्या अंतरात उतार जेमतेम 150 मीटरचा असला तरी तो आपल्या बाजूनं असतो, शिवाय तिकडे वारा जास्त करून पश्चिमेकडून येतो म्हणजे तोही पाठीवर. बऱ्याच टप्प्यांत दोन्ही काठांनी सायकलरस्ता आहे, जवळपास रेल्वे आहे, मधे मधे सायकली पलीकडे नेणाऱ्या छोट्या बोटी आहेत. वहिनीच्या प्रश्नाला इतकी उत्तरं दुसऱ्या कुठल्याच जागेकडे नव्हती.

पासाऊला तीन नद्या एकत्र येतात, इन हिरवट, इल्झ काळपट आणि डॅन्यूब, पाणी मिसळतं तिथे रंग वेगळे दिसतात, तिथून निघालो. श्लोगेनला नदी डोंगरात अडते आणि सरळ उलटी फिरते, उत्तरेच्या काठाचा रस्ता तिथं तुटतो आणि सायकल बोटीत चढवावी लागते. बोट एवढीशी, सायकली एकीला एक टेकवून उभ्या केलेल्या, हॅन्डल एकमेकांत अडकलेले, आणि दोन्ही बाजूंनी पाण्यापर्यंत उतरलेलं जंगल. पुढे काही ठिकाणी तर चक्क जलविद्युत केंद्राच्या बंधाऱ्यावरूनच सायकल पलीकडे न्यायची, खाली पाणी घुमत असतं आणि आपण वरून आरामात.

यब्सच्या आसपास वहिनीचा गुडघा धरला. ती सायकल घेऊन ट्रेननं मेल्कला गेली, दुपारभर पाय वर करून बसली, आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा ती मठ बघून पण आली होती. दुसऱ्या दिवशी मेल्क ते क्रेम्स म्हणजे वाखाउ दरी, 36 किलोमीटर, या सगळ्या रूटचा सगळ्यात देखणा भाग, दगडी बांध घातलेले द्राक्षमळे अगदी डोंगराच्या माथ्यापर्यंत, आणि ती दरी तिनं पूर्ण सायकलवर केली. आदल्या दिवशी ट्रेन नसती तर हे झालंच नसतं.

क्रेम्सनंतर दरी संपते, सगळं उघडं होतं, बांधावरून सरळसोट रस्ता, सावली नाही, आणि नेमका त्या दिवशी वारा पूर्वेकडून. मग वारा कमी लागावा म्हणून एकामागे एक लागलो, पुढचा थकला की तो बाजूला होऊन शेवटी जायचा. तुल्नला लोकल ट्रेन आहे, थेट व्हिएन्ना. दादा म्हणाला, "अगं, तिला विचार, ट्रेन घ्यायची का?" वहिनीनं स्टेशनची पाटी बघितली आणि म्हणाली, "नको, चला, पुढं वाटलं तर बघू." पुढं काही ते वाटलं नाही.

ज्यांचं अजून ठरायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सायकल एका गावात भाड्यानं घेऊन दुसऱ्या गावात सोडता येते का ते आधी विचारा, आणि येत असेल तर स्वतःची न्यायच्या भानगडीत पडू नका, फक्त आपली सीट आणि पेडल घेऊन जा, ढुंगण आणि गुडघे दुवा देतील. ई-बाईक हवी असेल तर तिथेच घ्या, कारण प्रवासी विमानात 160 वॅट-अवरच्या वरची बॅटरी चालत नाही आणि ई-बाईकची त्याहून बरीच मोठी असते.

पुढच्या वेळी जपान, शिमानामी काइदो, ओनोमिचीपासून इमाबारीपर्यंत 70 किलोमीटर, समुद्रावरचे पूल ओलांडत सहा बेटांवरून. पुलावर चढायला सायकलींसाठी वेगळा, हळूहळू चढणारा रस्ता आहे, आणि भाड्याची सायकल मधल्या बेटांवरच्या ठरलेल्या केंद्रांवर परत करता येते. हे वहिनीनंच शोधून काढलंय. दादाचा स्टेल्व्हिओ राहिलाय, तो त्यानं त्याच्या घाटवेड्या ग्रुपबरोबर करावा, आम्ही वर जाऊन त्याची वाट बघू.