नववी 'अ'चं न्यायालय

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा, असं मुख्याध्यापकांचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर आधी बाईच आल्या. आपल्या इतिहास-नागरिकशास्त्राच्या बाई. कवायत, स्नेहसंमेलन, कबड्डीची ढाल यांबद्दल इतर जण लिहितीलच. मी बाईंबद्दलच लिहिणार आहे.

आमची सगळी तुकडी गिरणगावातली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील त्यांत होते, माझेही. घरात पैशांची ओढाताण, वह्या मागच्या वर्षीच्या उरलेल्या पानांच्या. अशा मुलांना बाईंनी नारायण मेघाजी लोखंडे शिकवले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांना एकत्र आणलं आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली, हे सांगून बाई म्हणाल्या, "तुमच्या वडलांच्या आधीही कुणीतरी लढलंय, हे घरी जाऊन सांगा." मी सांगितलं. दादा, म्हणजे माझे वडील, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं इतिहासाचं पुस्तक मागून घेतलं.

बाईंचा इतिहास शाळेच्या आसपासच सापडायचा. पोयबावाडीतली बीआयटी चाळ त्यांनी आम्हाला नेऊन दाखवली, बाबासाहेब ज्या मजल्यावर राहिले तिथपर्यंत. परतताना दामोदर हॉलसमोर थांबून बाबासाहेबांची १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा सांगितली. महाडचा धडा शिकवताना त्यांनी फळ्यावर फक्त दोन सालं लिहिली, १९२३ आणि १९२७. "सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, हा समाजसुधारक सी. के. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात २३ साली मंजूर झाला. मग चवदार तळ्याचं पाणी प्यायला २७ सालचा मार्च का उजाडला?" तास संपेपर्यंत आम्ही उत्तरं देत होतो आणि बाई एकेका उत्तरावर "मग?" एवढंच विचारत होत्या. कागदावरचा हक्क आणि हातात आलेला हक्क यांच्यामधलं अंतर मला त्या तासाला कळलं. पुढे कायद्याच्या पदवीने त्यात फार भर घातली असं नाही.

आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच जणांच्या लक्षातही आली नसेल. तोवर शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की जातीनुसार नावं पुकारली जायची आणि ती मुलं सगळ्या वर्गादेखत उभी राहायची. माझ्या बाकावरची मैत्रीण त्यांतली. त्या दिवशी ती डबा खात नसे. बाई वर्गशिक्षिका झाल्या आणि फॉर्म बंद पाकिटातून, तपासलेल्या वह्यांबरोबर मिळू लागले. महाडचा धडा चालू असतानाही बाईंनी तिच्याकडे किंवा तिच्यासारख्या कुणाकडे वळून "तू सांग" असं कधी म्हटलं नाही. आज शाळांतून समतेवर कार्यशाळा होतात, चांगल्याही असतात. पण एखाद्या मुलाला त्याचं दुःख वर्गासमोर मांडायला लावताना मी पाहते, तेव्हा बाईंची ती पाकिटं आठवतात.

आता रखमाबाईंच्या खटल्याबद्दल. पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर जेमतेम दोन ओळी असतील, बाईंनी अख्खा आठवडा दिला. अकराव्या वर्षी लग्न लागलेली, मुंबईतल्या सुतार समाजातली मुलगी. मोठी झाल्यावर नांदायला जायला नकार देते, म्हणून नवरा दादाजी भिकाजी १८८४ मध्ये हायकोर्टात दावा लावतो. बाईंनी नववी 'अ'चं न्यायालय केलं. टेबलामागे न्यायाधीश म्हणून माझी तीच बाकावरची मैत्रीण. दादाजीचा वकील झाला वक्तृत्व स्पर्धा गाजवणारा आमचा वर्गमित्र. मी रखमाबाई.

वकिलाने अशी बाजू मांडली की टाळ्या पडल्या. लग्न झालं की नांदलंच पाहिजे, नाहीतर उद्या कुणाचा संसार टिकेल, वगैरे. हात वर करायला सांगितलं तर निम्म्याहून जास्त वर्ग दादाजीच्या बाजूने, त्यांत मुलीही. मला म्हणायचं वाक्य एकच होतं, "मी तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही." आवाज फुटेना. बाईंनी ते मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईस्तोवर माझ्याकडून म्हणून घेतलं.

निकाल द्यायच्या आधी न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, एक प्रश्न विचारू?" आणि वकिलाकडे वळून म्हणाली, "लग्न लावताना तिला कुणी विचारलं होतं का?"

वकिलाच्या टिपणात याचं उत्तर नव्हतं. तिने निकाल दिला, सक्ती करता येणार नाही. एरवी वर्गात तोंड न उघडणारी ती मुलगी त्या दिवशी टेबलामागून उठली ती ताठ मानेने.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खरा इतिहास सांगितला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. बळजबरीने नांदायला पाठवण्याचा हा उपाय इंग्लंडच्या कायद्यातून आलेला आहे, हिंदू रीतीत त्याला आधार नाही, असंही ते म्हणाले. तरी 'धर्म बुडाला' अशी ओरड झाली, केसरीतून टीका झाली. अपील झालं आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. आम्ही सगळे चिडलो, दादाजीला हात वर करणारेसुद्धा. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, त्यांनी पुढे सुरतेला कित्येक वर्षं रुग्णसेवा केली. मुलींच्या संमतीचं किमान वय वाढवणारा संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये आला, त्यामागे या खटल्याने उठलेलं वादळही होतं.

आज मी वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात वकिली करते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खालचे, म्हणजे नांदायला यावं म्हणून केलेले अर्ज अजूनही माझ्या टेबलावर येतात. इंग्लंडने तो उपाय १९७० मध्ये रद्द केला. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध धरलं. अर्जाला उत्तर लिहिताना मैत्रिणीचा तो प्रश्न मी थोड्या वेगळ्या शब्दांत प्रत्येक वेळी लिहिते.

बाई आता डोंबिवलीला असतात, फारशा बाहेर पडत नाहीत. फोन केला की विचारतात, "ते कलम आहे का गं अजून?" आहे म्हटलं की रागावतात, जणू मीच ते ठेवलंय.

मन एका गोष्टीने खट्टू होतं. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, आपल्या मराठी माध्यमाच्या तुकड्या कमी झाल्या, आणि इतिहास-राज्यशास्त्राचा चाळीस गुणांचा पेपर गाइडवर निघतो. एका खटल्याला आठवडा द्यायला आज कुठल्या शिक्षकाला सवड मिळेल?

म्हणून मुख्याध्यापकांना मी विनंती केली आहे. १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाच्या आसपास नववीच्या कुठल्याही तुकडीचे दोन तास मला द्यावेत. खटल्याची टिपणं सोप्या मराठीत तयार आहेत, दोन्ही बाजूंची. आमची न्यायाधीश आता स्वतः महापालिकेच्या शाळेत शिकवते. रजा टाकून तीही येणार आहे.