आडनावाच्या रकान्यात आईचं नाव

स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, शेवटी आडनाव. ही घडी मोडून मी दोनच शब्द ठेवले : मुक्ता कमळ. कमळ म्हणजे माझी आई. कागद फिरवायला आठ महिने लागले. त्यातला निम्मा वेळ चुकीच्या क्रमापायी गेला, म्हणून इथे क्रमच सांगते.

अर्जाला हात लावण्याआधी रकाने ठरवायचे. पॅनच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडता येत नाही. नाव एकच शब्दाचं असेल तर तो शब्द तिथेच लिहायचा असतो. पासपोर्टचं उलटं, तिथे आडनाव कोरं चालतं. म्हणजे नुसतं ‘मुक्ता’ घेतलं असतं तर एका कागदावर ते आडनाव ठरलं असतं आणि दुसऱ्यावर पाळण्यातलं नाव. अमेरिकेच्या व्हिसावर अशा वेळी पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापतात, पहिलं नाव माहीत नाही म्हणून. संयुक्त अरब अमिरातींनी नोव्हेंबर २०२२मध्ये पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या पर्यटकांना प्रवेश बंद केला आणि मग खुलासा केला, की दुसऱ्या पानावर वडिलांचं नाव असेल तर चालेल. वडिलांच्या ज्या रकान्यातून बाहेर पडायचं, त्याच रकान्याने आत घ्यायचं! म्हणून मी मधला रकाना कोरा ठेवला आणि आईचं नाव आडनावाच्या जागी लिहिलं. एकदा ठरलं की सगळीकडे तेच.

नव्या नावात ‘उर्फ’ घालू नका. वकील हमखास सुचवतात, दोन्ही नावं चालतील म्हणून. पण संगणकाला उर्फ कळत नाही, तो त्याला नावातलाच एक शब्द समजतो.

पुढची पायरी राजपत्राची, म्हणजे सरकारी गॅझेटची. शासन मुद्रण संचालनालयाकडे अर्ज ऑनलाइन भरायचा, सोबत प्रतिज्ञापत्र, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, सही. सूचना साप्ताहिक राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येते. मी ती इंग्रजीत दिली, कारण पुढे पॅन आणि पासपोर्टला इंग्रजी स्पेलिंगच लागतं. जुनं नाव मात्र आठवणीतून लिहू नये. हातात जे चालू ओळखपत्र आहे, त्यावरून अक्षर-अक्षर उतरवावं. पदवी माहेरच्या नावाने आणि बँक सासरच्या नावाने, अशी बहुतेकींची स्थिती असते. तिथे राजपत्रात जुनं नाव म्हणून सध्या चालू असलेलं घ्यायचं. त्याच्या मागचा दुवा विवाह नोंदणीचा दाखला जोडतो. लग्नाने नाव आपोआप बदलत नाही, बदललंच पाहिजे असा कायदाही नाही, हे काउंटरवर कितीदा सांगावं लागतं! राजपत्रातल्या सूचनांवर शासनाची टीपही असते, की मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासनाची नाही. थोडक्यात, चूक झाली तर ती आपली. सबमिट करण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावा.

छापून आलं की आधी आधार. पूर्ण नाव बदलताना राजपत्र आणि जुन्या नावाचं फोटो असलेलं ओळखपत्र, दोन्ही लागतात. इथेच मी अडकले. केंद्रावर नाव इंग्रजीत टाइप होतं आणि त्याखाली मराठी आपोआप उमटतं. इंग्रजीला ळ नाही, त्यामुळे ‘कमळ’चं ‘कमल’ झालं. मी घाईत फक्त इंग्रजी ओळ तपासून मान हलवली. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एका ळसाठी माझी दुसरी संधीही संपली. नावात ळ किंवा ण असेल तर संगणकाचा पडदा आपल्याकडे वळवून घ्या, मराठी ओळ वाचा, चुकली असेल तर तिथेच हाताने दुरुस्त करून घ्या. पावतीवरही दोन्ही ओळी पाहा आणि मगच खुर्चीवरून उठा. (इंग्रजीतला ‘कमल’ सर्वांना पुरुष वाटतो. “वडिलांचं नाव का?” हा प्रश्न अजून चुकलेला नाही.)

आधारनंतर पॅन, आणि लगेच. दोन्हींवरची नावं जुळली नाहीत तर जोडणी अडते, मग बँक आणि आयकर विवरणपत्रही. पॅनच्या अर्जात वडिलांचं नाव वेगळं विचारतात. आई एकल पालक असेल तर २०१८च्या दुरुस्तीपासून तिथे सूट आहे. बँकेत नाव बदलताना सहीचा नमुनाही नवा द्यायचा, नाहीतर चेक परत येतात. भविष्य निर्वाह निधीच्या काही खात्यांना संयुक्त घोषणापत्र, म्हणजे आपलं आणि मालकाचं मिळून, लागतं. शेती नावावर असेल तर तलाठ्याकडे फेरफार. मतदार यादीला अर्ज क्रमांक ८.

पासपोर्ट सर्वांत शेवटी, आणि हातात तिकीट नसताना. छत्तीस पानी पासपोर्टच्या साध्या रि-इश्यूचे १५०० रुपये. जुन्या पासपोर्टवर व्हिसा असेल तर दोन्ही पुस्तिका आणि राजपत्राचं पान सोबत बाळगायचं.

“आईचं नाव लावायची आपल्यात पद्धत नाही” हे नातेवाइकांपेक्षा मी कारकुनांकडून जास्त ऐकलं. नाशिकच्या पांडवलेण्यांतला गौतमी बलश्रीचा शिलालेख बघावा. तिचा मुलगा सातवाहन राजा, आणि नाव लावतो गौतमीपुत्र. शासनानेही आता १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांसाठी बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम लावलाय. विवाहितेसाठी मात्र नवऱ्याच्या नावाची जुनी पद्धत तशीच ठेवली आहे.

दहावीचं प्रमाणपत्र आणि पदवी मी जुन्याच नावाने राहू दिल्या. मुलाखतीला जाताना फाइलमध्ये राजपत्राचं पान सर्वांत वर ठेवते, नावाच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून.