लँकेस्टरच्या कोपऱ्यावरची कबर

फिलाडेल्फियाहून लँकेस्टरला लोक जातात ते जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांची शेतं आणि घोडागाड्या बघायला, आम्ही पण ट्रेनने त्यासाठीच निघालो होतो पण मी नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्यांदा गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या अमेरिकन खासदार थॅडियस स्टीव्हन्सची कबर बघायची, मग बाकीचं. स्टेशनवरून चालतच गेलो. चेस्टनट आणि मलबेरी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, वस्तीतच, एक छोटीशी दफनभूमी आहे. एवढा मोठा खासदार आणि इथे?

त्याचं कारण दगडावरच कोरलंय. मी मोठ्याने वाचून मराठीत सांगत होते, की मी या शांत आडबाजूच्या जागी विसावलोय ते एकांताची आवड म्हणून नाही, बाकीच्या दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट आहे म्हणून ही जागा निवडली, जे तत्त्व आयुष्यभर मांडलं, देवापुढे सगळी माणसं समान, ते मरणातही दिसावं. नवरा म्हणाला, "अगं, परत वाच."

स्टीव्हन्स १७९२ साली व्हरमाँटमध्ये जन्मले, एक पाय जन्मापासून वाकडा, वडील घर सोडून गेलेले, आईने काबाडकष्ट करून शिकवलं. पुढे पेनसिल्व्हेनियात वकिली आणि मग राज्याच्या विधिमंडळात. तिथे १८३४ ला मोफत शाळांचा कायदा झाला, पण टॅक्स भरावा लागणार म्हणून लोक इतके खवळले की वर्षभरात तो रद्द व्हायची वेळ आली, वरच्या सभागृहाने रद्द करायच्या बाजूने मत दिलंही होतं, तेव्हा खालच्या सभागृहात हे उभे राहिले आणि त्या भाषणानंतर कायदा वाचला. मला त्यांच्या सगळ्या कामात हेच जास्त भिडतं, कारण त्यामागे ती आई दिसते.

नंतर वॉशिंग्टनला, देशाच्या संसदेत. अमेरिकेच्या यादवी युद्धात पैसा उभा करणाऱ्या कमिटीचे ते अध्यक्ष, आणि १८६३ मध्ये गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सैन्याने त्यांचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना जाळून टाकला, तरी माणूस हटला नाही. गुलामगिरी संपवणारी १३ वी घटनादुरुस्ती आणि कायद्यापुढे समानता देणारी १४ वी, दोन्हीसाठी ते झटले. मोठ्या मळेवाल्यांच्या जमिनी काढून घेऊन गुलामीतून सुटलेल्यांना ४०-४० एकर द्या हेही त्यांनी मांडलं, ते मात्र काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलं नाही. जमीन मिळाली असती तर पुढचे किती हाल वाचले असते!

ऑगस्ट १८६८ मध्ये ते गेले. पाचच वर्षांनी, १८७३ ला, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्या दगडावर हात ठेवल्यावर मला तेच पान आठवलं आणि डोळे भरून आले.

आमिश टूरची वेळ निघून गेली होती. आम्ही तसेच अजून थोडा वेळ तिथे उभे राहिलो, मग मार्केटमध्ये जेवून संध्याकाळची ट्रेन पकडली.