आतड्याला पीळ

फोनवरून दुभाष्याचं काम करताना रुग्ण दिसत नाही. तो पोट धरून वाकलाय की शांत पडलाय, हात छातीवर आहे की बेंबीवर, काही कळत नाही. कानावर येतात ते शब्द, तेही स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून, मागे यंत्रांचं टीं टीं चालू असताना. डॉक्टर इंग्रजीत, रुग्ण मराठीत, मधे मी. ऐकलेलं सगळं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, आणि बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. स्वतःला काही विचारायचं असलं तर ‘दुभाषी बोलते आहे’ असं दोन्ही बाजूंना सांगून मगच.

लोकांना वाटतं, रोगांची नावं अवघड जात असतील. ती पाठ करता येतात. अवघड जातं ते वळणं, पिळणं, फिरणं, कारण दुखणं सांगताना माणूस हीच क्रियापदं हाताशी घेतो. ‘पाय मुरगळला’ घ्या. तोंडात लगेच ‘स्प्रेन’ येतं, पण ती स्नायुबंधाची इजा झाली, म्हणजे निदान झालं, आणि निदान करणं माझं काम नाही. रुग्णाने फक्त हालचाल सांगितली आहे, म्हणून मी ‘ट्विस्ट’ म्हणते. हाड मोडलंय की स्नायुबंध ताणलाय हे डॉक्टर बघतील. ‘चक्कर येते’ म्हटलं की डॉक्टर हमखास विचारतात, ‘स्पिनिंग’ की ‘लाइटहेडेड’? हा फरक त्यांना कानाच्या आतल्या भागाकडे नेतो किंवा रक्तदाब नि हृदयाकडे, त्यामुळे तो जपून पोचवावा लागतो. मी विचारते, “भिंती गरगर फिरल्यासारख्या वाटतात, की डोळ्यांपुढे अंधारी येते?” याचं उत्तर सगळे नीट देतात. ‘मुरडा’ म्हटलं की शौचाला जावंसं वाटणं त्यात आलंच. नुसतं ‘क्रॅम्प’ म्हटलं तर ते निम्मं राहतं, म्हणून मी ते जोडून सांगते. आणि ‘विंड’. हीच अक्षरं ‘वाइंड’ वाचली तर दोरा गुंडाळणं होतं, पण पोटाच्या डॉक्टरच्या तोंडी ती पोटातल्या वाऱ्याची असतात. इथे मात्र मराठी तयारच आहे: वारा सरला का? म्हाताऱ्या माणसांना ‘गॅस पास झाला का’ विचारण्यापेक्षा हे कितीतरी लवकर कळतं.

आमच्या एजन्सीच्या शब्दसूचीत यातलं काही नाही. तिथे ‘ट्विस्ट’समोर ‘पिळणे’ एवढंच आहे. एका शब्दासमोर एकच शब्द हा त्या सूचीचा नियम, आणि तो आजारी माणसाचं बोलणं कधी न ऐकलेल्या कुणीतरी केलेला असणार.

आता ती रात्र. ओळख पटेल असं सगळं बाजूला ठेवून सांगते. फोन जोडला गेला तेव्हा खोलीत डॉक्टरीणबाई, एक वयस्क गृहस्थ आणि त्यांचा मुलगा होता. मुलगा आधीच म्हणत होता की दुभाष्याची गरज नाही, मी सांगतो ना. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे पण ठामपणे सांगितलं की त्यांना रुग्णाकडूनच ऐकायचंय. असे डॉक्टर भेटतात तेव्हा काम अर्धं सोपं होतं. घरची माणसं प्रेमाने बोलतात, वाईट हेतू नसतो, पण ती ऐकलेलं सांगत नाहीत, समजलेलं सांगतात.

काय होतंय, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, “आतड्याला पीळ पडतोय, बाई. परवापासून.”

मी इंग्रजीत तोंड उघडायच्या आत मुलाने सांगून टाकलं: आई गेल्या महिन्यात गेली, तेव्हापासून बाबा असंच बोलतात, ही आमच्याकडची बोलायची रीत आहे, त्यांना दुःख झालंय. भाषेपुरता तो बरोबरच होता. मराठीत आतड्याला पीळ पडतो तो मायेनं, कुणाच्या तरी दुःखानं. पोट कोणाला आठवत नाही. नियमाप्रमाणे मुलाचं बोलणं मी बाबांना मराठीत सांगितलं. पलीकडे कोणी काहीच बोललं नाही.

मग मी म्हटलं, दुभाषी बोलते आहे. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे असे: माझ्या आतड्यात ‘ट्विस्ट’ पडतोय. मराठीत हे शोकासाठी म्हणतात, आणि पोटातल्या वेदनेसाठीही कोणी म्हणू शकतं. रुग्णाच्या मनात कोणता अर्थ आहे, हे विचारू का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विचारा.

“बाबा, हा पीळ मनातला म्हणताय की पोटातला?”

“दोन्ही,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “पोटाला हात लावून बघा की. नगाऱ्यासारखं झालंय.”

डॉक्टरीणबाईंचा हात पोटावर गेला असावा, कारण प्रश्नांचा वेग एकदम बदलला. शौचाला कधी झाली? चार दिवस नाही, आणि बद्धकोष्ठाचा त्रास जुनाच. वारा सरतोय? कालपासून तोही नाही. उलटी? एकदा. मग त्यांनी मुलाला विचारलं की रात्री वडील ‘रायदिंग’ करत होते, म्हणजे वेदनेने तळमळत होते, की निपचित पडून होते. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. पोकळ अवयवात कळ येते तेव्हा माणूस तळमळतो, कूस बदलतो, एका जागी राहत नाही. पोटाचं आतलं आवरण सुजलं की जरा हललं तरी दुखतं, म्हणून तो हलायचंच टाळतो. मुलगा म्हणाला, सारखे उठबस करत होते, गडबडा लोळत होते. त्याला ते शोकाचं वाटलं होतं.

फोन बंद झाला. पुढे काय झालं हे आम्हाला सहसा कळत नाही. त्या रात्री मात्र त्याच रुग्णासाठी आलेला दुसरा फोन योगायोगाने माझ्याकडेच लागला. आता शल्यचिकित्सक होते. क्ष-किरणात मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग फुगून कॉफीच्या बीसारखा दिसत होता, हे या आजाराचं पाठ्यपुस्तकातलं चित्र. नाव ‘सिग्मॉइड व्हॉल्व्ह्युलस’, लॅटिनमधल्या ‘गुंडाळणे, फिरवणे’ या क्रियापदावरून आलेलं. आतडं स्वतःच्या देठाभोवती फिरतं, मग पुढचा रस्ता बंद होतो, आणि पीळ घट्ट असला तर रक्तपुरवठाही. जुनं बद्धकोष्ठ असलेल्या वयस्क माणसांत हे जास्त दिसतं.

हे बाबांना सांगताना मला शब्द शोधावा लागला नाही. “तुमच्या आतड्याला पीळ पडलाय,” मी म्हटलं.

“मग मी काय वेगळं सांगत होतो?”

मी ते त्याच सुरात इंग्रजीत सांगितलं. सूर हाही बोलण्याचाच भाग असतो, तो सपाट करणारे दुभाषी मला पटत नाहीत.

संमतीपत्राचं बोलणं लांबलं. गुदद्वारातून दुर्बिणीची लवचीक नळी घालायची, अडकलेला वारा नि मळ बाहेर काढायचा. असं केलं की पीळ बहुतेकदा सुटतो. मग काही दिवस एक नळी आत ठेवायची. आतड्याला भोक पडण्याचा धोका थोडा आहे. आतडं काळं पडलेलं दिसलं तर लगेच शस्त्रक्रिया. ‘अनट्विस्ट’साठी मी ‘पीळ सोडवणं’ म्हटलं. ‘उलगडणं’ही ओठांवर आलं होतं, पण त्यात घडी येते, गाठीसारखी अडकण येत नाही.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, काही शंका?

“पुन्हा पडेल का पीळ?”

डॉक्टर म्हणाले, हो, पुन्हा पडण्याची शक्यता बरीच असते, म्हणून प्रकृती सुधारली की तो भाग काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलू. मी सांगितलं. बाबा “बरं” म्हणाले आणि सही झाली.

पहिल्या फोनला मी थांबवून विचारलं होतं, या वेळी विचारलं नाही. समोर आतड्याचंच चित्र होतं, प्रश्न स्पष्ट वाटला, आणि शस्त्रक्रियागृह खोळंबलं होतं. उत्तर खरं होतं, पूर्ण होतं. पण ‘दोन्ही’ म्हणालेला माणूस नंतर फक्त आतड्याबद्दलच विचारत होता, असं मी कशावरून धरलं? आणि विचारायचं ठरवलं असतं, तरी शल्यचिकित्सकांना इंग्रजीत नक्की काय सांगितलं असतं, हे वाक्य मी अजून जुळवते आहे.