कोजागिरीची चादर

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. एक, मोठ्या पातेल्यात आटणारं केशर-जायफळाचं दूध. दुसरी, पाण्याच्या टाकीला ताणून बांधलेली पांढरी चादर. तिच्यावर आमचं मित्रमंडळ दर वर्षी एक जुना सिनेमा दाखवायचं. तो निवडायचे तिसऱ्या मजल्यावरचे काका. ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे उडणारी कुठलीही वस्तू हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय.

एका वर्षी त्यांनी ‘रॉकेटशिप एक्स-एम’ आणला. १९५० सालचा, कृष्णधवल, सगळे संवाद इंग्रजीत. पोरं कुरकुरली. काकांनी चादरीशेजारी खुर्ची ओढली आणि एकेक संवाद मराठीत सांगायला लागले. चार पुरुष आणि एक रसायनशास्त्रज्ञ बाई चंद्रावर जायला निघतात. वाटेत रॉकेट भरकटतं आणि पोचतं थेट मंगळाजवळ. “चंद्र चुकला रे!” काका ओरडले, तशा सगळ्या पोरांनी माना वर केल्या. चंद्र टाकीच्या वर, जागच्या जागी होता.

मग मंडळी मंगळावर उतरली आणि अख्खी चादर लालसर झाली. तो क्षण मी विसरूच शकत नाही. तासभर काळं-पांढरं बघून डोळे सरावलेले, आणि एकदम हा रंग. काकांनी सिनेमा थांबवून सांगितलं, की हे सगळं साधारण ९४ हजार डॉलरमध्ये आणि १८ दिवसांत उरकलेलं. तेव्हा चंद्रप्रवासावरचा एक मोठा रंगीत सिनेमा तयार होत होता, त्याच्या आधी पडद्यावर यायची यांना घाई. मंगळ म्हणून वापरलं कॅलिफोर्नियाचं वाळवंट, आणि फक्त तेवढ्याच प्रसंगांना लाल छटा दिली. पहिल्यापासून रंगीत असता, तर तो मंगळ इतका परका वाटला नसता, असं मला आजही वाटतं.

इथे काकांना फाळके आठवायचेच. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी थोडी थोडी करून कॅमेऱ्यात टिपली, ती दाखवून लोकांचा विश्वास मिळवला, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. कुंडीतल्या रोपापासून काका पुन्हा लाल मंगळावर यायचे. सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा.

संगीतात थेरेमिन होतं, हात न लावता वाजवायचं वाद्य. माझ्या धाकट्या बहिणीने घाबरून विचारलं, “कोण रडतंय?” उल्का घोंघावत गेल्या तेव्हा काका म्हणाले, “हा आवाज काही खरा नाही हं. तिथे हवाच नाही, मग ऐकू कसं येणार?” सहावीच्या पुस्तकात न कळलेलं मला त्या गच्चीवर कळलं.

शेवट मात्र कुणालाच अपेक्षित नव्हता. मंगळावर अणुयुद्धात बेचिराख झालेली संस्कृती सापडते. हिरोशिमाला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झालेली. दोघं तिथेच मरतात. उरलेले तिघं परत फिरतात, पण इंधन पुरत नाही. रॉकेट कोसळतं, कुणीही वाचत नाही. एवढ्या थोड्या पैशांत, घाईघाईने केलेल्या सिनेमाने हे धाडस करावं! उद्यापासून दुसऱ्या रॉकेटचं काम सुरू, असं प्रकल्पाचे प्रमुख जाहीर करतात आणि सिनेमा संपतो. गच्चीवर कुणी हललं नाही. दुधावर जाड साय धरली तरी पेले भरायला कुणी उठेना.

पुढच्या कोजागिरीला पोरांनी तोच सिनेमा मागितला. रॉकेट भरकटायची वेळ आली आणि काकांनी तोंड उघडायच्या आत पहिल्या मजल्यावरचा पाच वर्षांचा छोटू उभा राहून ओरडला, “चंद्र चुकला रे!” काकांनी खुर्ची जराशी मागे घेतली. पुढची पाच मिनिटं गोष्ट छोटूनेच सांगितली.