तुम्ही विचारलंत म्हणून: आठ वर्षांच्या मुलांना पुरावे कशाला?

मी या मुलांना इतिहास शिकवते आणि दर वर्षी कोणीतरी विचारतंच, आधी राजे, लढाया, सनावळ्या तरी येऊ देत, एवढ्याशा पोरांना इतिहासाची साधनं आणि पुरावे कशाला? आजवर हसून टाळलं, आता सांगूनच टाकते.

कारण त्यांना ते जमतं. हे कोण सांगतंय, त्याने स्वतः पाहिलं होतं का, दुसरं कोणी तेच सांगतंय का. "आधी कोणी मारलं" हे ठरवताना मुलं हेच तर करतात. मोठेपणी आपोआप येईल म्हणता ना? इतिहास कसा शिकला जातो याचे अमेरिकी अभ्यासक सॅम वाइनबर्ग यांनी १९९१च्या अभ्यासात इतिहासकारांना आणि हायस्कूलच्या हुशार मुलांना तीच कागदपत्रं दिली, तर इतिहासकार आधी कोणी लिहिलंय ते बघायचे आणि मुलं बहुतेक वेळा सरळ वरून खाली वाचत जायची.

पण तुम्ही हे विचारत नाही आहात, कळतंय मला. ती फोटोची गोष्ट तुमच्या कानावर आलीये.

घरातली एक जुनी वस्तू आणा आणि तिची गोष्ट सांगा, असं मी सांगितलं होतं. एका मुलीने आजोबांचा फोटो आणला. आजोबा नुकतेच गेलेले. तिची आई जन्मली त्याच दिवशी आनंदाने स्टुडिओत जाऊन काढला, असं ते तिला नेहमी सांगायचे. फोटो वर्गात फिरला, एका मुलाने उलटा केला, मागे स्टुडिओचा तारखेचा शिक्का, त्याने तिला आईचं जन्मवर्ष विचारलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाला, हा तर तीन वर्षं आधीचा आहे. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने "शाब्बास!" म्हटलं. मागून कोणीतरी बोललं, म्हणजे आजोबा खोटं बोलायचे.

ती रडली नाही. फोटो वहीत ठेवला, वही दप्तरात, आणि तास संपेपर्यंत दप्तर मांडीवर धरून बसली.

तेव्हाची मी म्हणते, पुरावा तो पुरावा, मुलगा बरोबरच होता. होताच. पण आजोबांच्या मनात तो दिवस आणि हा फोटो एकत्र का आले असतील, हाही इतिहासाचाच प्रश्न होता आणि तो मी विचारलाच नाही, शाब्बास म्हणून मोकळी झाले.

इंग्लंडमधल्या कॉटिंग्ले गावच्या पऱ्यांचे फोटो मी आजही दाखवते. १९१७ साली दोन मावसबहिणींनी कागदी पऱ्या उभ्या करून फोटो काढायला सुरुवात केली, शेरलॉक होम्स लिहिणारे कॉनन डॉयलसुद्धा फसले, १९८३मध्ये दोघींनी कबुली दिली. धाकटी फ्रान्सिस मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली की पाचवा फोटो खरा आहे. हे मी पूर्वी गाळायचे, गोष्ट बिघडते म्हणून. आता तिथेच थांबते आणि विचारते, ती असं का म्हणत असेल?

एवढ्याने भरपाई झाली असं मी म्हणणार नाही. तिची माफी मागितली, ती "ठीक आहे" म्हणाली. या वर्षी परत वस्तू आणायच्या होत्या तेव्हा तिने एक कुलूप आणलं. गोष्ट विचारली तर म्हणाली, याची गोष्ट घरात कोणालाच माहीत नाही.