तीन पायऱ्या आणि नंतरचं बरंच काही

आमच्या वाचनालयाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. प्रत्येकी साधारण 150 मिलिमीटरची, म्हणजे सगळी मिळून 450. मी व्हीलचेअर वापरते (का, ते इथे महत्त्वाचं नाही), त्यामुळे मी सभासद होते, वर्गणी वेळेवर भरत होते आणि पुस्तकं मात्र कायम दुसरं कोणीतरी आणून देत होतं. यादी लिहून द्यायची, यादीतलं पुस्तक बाहेर गेलेलं असलं की आणणाऱ्याला जे बरं वाटेल ते वाचायचं. नको तितक्या रहस्यकथा माझ्या वाचून झाल्या आहेत त्या अशा.

कार्यकारिणीला पहिलं पत्र दिलं तेव्हा आलेलं उत्तर मोठं प्रेमळ होतं. ‘ताई, तुम्ही या तर खरं. चौघं मिळून उचलून नेऊ की!’ व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. त्यात वाईट हेतू अजिबात नसतो, म्हणून त्याला उत्तर देणं अवघड जातं. पण उचलणारा पहिल्यांदा खुर्चीचा हात धरतो, आणि तो हात बऱ्याच खुर्च्यांना काढता-घालता येणारा असतो, त्यामुळे तो अर्ध्यात निसटून त्याच्या मुठीत राहतो. मोटारवर चालणारी खुर्ची असेल तर माणसाशिवायच तिचं वजन कित्येकदा शंभर किलोच्या पुढे जातं. आणि समजा उचललंच, तर बाहेर पडायच्या वेळी पुन्हा चौघं हवेत. म्हणजे मी कधी निघायचं, ते त्या चौघांचा चहा झाला की ठरणार.

त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला, तोही ठरलेला: ‘पण आपल्याकडे असे लोक येतातच कुठे?’ येत नाहीत, हे खरंच होतं. कसे येणार?

दुसऱ्या पत्रात मी रॅम्प मागितलाच नाही. एक दुपार मागितली. म्हटलं, आम्ही काही जण येतो, तुमच्यातले दोघं-तिघं आमच्याबरोबर फिरा, काय अडतं ते टिपून घ्या, पुढचं नंतर बघू. रॅम्प मागितला की लगेच बांधकाम, परवानगी, निधी असे शब्द निघतात आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो. दुपार द्यायला कोणाची हरकत नसते.

सोबत कोणाला घ्यायचं यावर मी बराच विचार केला. ‘आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही नको’ ही अपंगांच्या चळवळीची जुनी घोषणा आहे, पण तिच्यातले ‘आम्ही’ एकसारखे नसतात. पांढरी काठी वापरणारा एक अंध मित्र आला. सांकेतिक भाषा बोलणारी एक कर्णबधिर मुलगी आपल्या दुभाषीला घेऊन आली. आणि ऑटिझम असलेला एक तरुण, आईबरोबर. आईने आल्या आल्या सांगितलं, ‘त्याच्याशीच बोला. माझ्याकडे बघून त्याच्याबद्दल विचारू नका.’ अर्धं काम तिथेच झालं.

अशी तपासणी दारापासून सुरू करायची नसते, रस्त्यापासून करायची. पदपथावर पिवळ्या उठावदार फरश्या होत्या. त्या जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 साली शोधून काढल्या आणि 1967 मध्ये ओकायामा इथे अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांबट पट्ट्या असतील तर चालत राहा, गोल ठिपके आले तर थांबा, एवढी साधी लिपी. आमच्या पदपथावरच्या पट्ट्या सरळ जाऊन एका जाहिरातीच्या फलकावर आदळत होत्या. मित्राची काठी ठण्णकन वाजली. तो हसत म्हणाला, ‘मला वाचता येणार नाही असा फलक नेमका माझ्याच वाटेत!’ कार्यकारिणीतले काका खजील झाले आणि त्यांनी तो स्वतःच ओढून बाजूला केला. दुसऱ्या दिवशी तो परत जागेवर होता, हा भाग वेगळा.

मग पायऱ्या. कंत्राटदाराने रॅम्पचं चित्र आधीच काढून ठेवलं होतं: दोन मीटर लांब. 450 मिलिमीटर चढायला दोन मीटर, म्हणजे साडेचारास एक एवढा उतार. फोनमधल्या पातळीमापकावर तो पावणेतेरा अंशांच्या आसपास येतो. त्यावर पुस्तकांच्या पेट्या चढतील, माणूस स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलत चढणार नाही. खुर्ची मागे उलटेल. बऱ्याच देशांच्या नियमांत बारास एक हे प्रमाण असतं, म्हणजे पाच अंशांहून थोडं कमी. आमच्या तीन पायऱ्यांना त्या हिशेबाने 5.4 मीटर लागतात, शिवाय वर दारासमोर खुर्ची वळवायला दीड मीटरची सपाट जागा. दारासमोरच उतार असला तर एका हाताने दार ओढायचं आणि दुसऱ्याने खुर्ची घसरू द्यायची नाही, अशी कसरत होते.

‘एवढा लांब?’ सगळ्यांच्या तोंडी एकच. मग कोणीतरी सुचवलं की आपणच खुर्चीत बसून बघू, म्हणजे कळेल. मी नको म्हटलं. असे प्रयोग लोकप्रिय आहेत, पण माझा त्यांच्यावर विश्वास नाही. अर्धा तास खुर्चीत बसणाऱ्याला फक्त भीती कळते. वर्षानुवर्षं खुर्ची चालवणाऱ्याचं कसब कळत नाही. तो उठतो आणि म्हणतो, ‘बापरे, तुम्ही कसं जगता!’ मला दया नको होती, मोजपट्टी हवी होती. म्हणून खडूने जमिनीवर 5.4 मीटर आखून दाखवले. सरळ रेषेत ते फाटकाबाहेर गेले. भिंतीला लागून काटकोनात वळवले, वळणावर एक सपाट टप्पा ठेवला, की बरोबर बसले. कंत्राटदाराला ते पटकन उमगलं. चांगला माणूस होता, त्याला आजवर कोणी कारण सांगितलं नव्हतं इतकंच.

वाद झाला तो फरशीवरून. समितीला चकचकीत दगड हवा होता, दर्शनी भाग म्हणून. ओल्या चकचकीत दगडावर चाकं, काठी आणि कुबडी तिन्ही घसरतात. खरखरीत लादी मंजूर व्हायला रॅम्पपेक्षा जास्त वेळ गेला.

आणि एक वाद आमच्या आमच्यातच झाला, त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. मला सगळं सपाट हवं: उंबरा नको, कड नको. मित्राला कड हवी, कारण काठीला जे लागतं त्यावरून त्याला जागा कळते. त्याला ठिपक्यांच्या फरश्या हव्यात, मला त्यांवरून जाताना पाठीचा मणका न् मणका मोजता येतो. शेवटी पायऱ्यांच्या तोंडाशी पूर्ण रुंदीत ठिपके आणि रॅम्पच्या तोंडाशी नुसता रंगाचा व पोताचा फरक, यावर आम्ही आलो. दोघांनाही थोडं कमीच मिळालं. पण हे दोघांनी बसून ठरवलं. दुसऱ्या कोणी आमच्यासाठी ठरवलं असतं तर दोघांपैकी एकाचं नुकसान नक्की होतं.

आतलं भराभर सांगते. दाराची मोकळी रुंदी 750 मिलिमीटर होती, ती 900 केली. खुर्ची 650 ची असली तरी चाकांवर हात असतात, त्यांची सालं निघतात. देवघेवीचं टेबल माझ्या कपाळाएवढं उंच होतं, त्याचा एक भाग खाली आणला. कपाटांमधलं अंतर वाढवलं. वरच्या फळ्या तशाच राहिल्या. तिथलं पुस्तक मी मागून घेते आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

स्वच्छतागृहावर मात्र थांबायला हवं. दारावर खुर्चीचं चित्र होतं, म्हणजे कागदोपत्री सोय होती. कुलूप होतं आणि किल्ली शिपाई घेऊन बाहेर गेला होता. तो आल्यावर दार उघडलं तर आत बादल्या, झाडू आणि जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. ते काढले. आधाराचा दांडा होता, पण भांड्यापासून इतका दूर की हात पुरेना. दार आतल्या बाजूला उघडत होतं. खुर्ची आत गेली की ते लावता येत नव्हतं, आणि आतला माणूस पडला तर त्याच्याच अंगाला अडून बाहेरून उघडलंही नसतं. मदतीसाठी ओढायची दोरी होती, ती पुसताना मध्ये येते म्हणून वर गुंडाळून गाठ मारून ठेवलेली. जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागावी म्हणून ती खालपर्यंत सोडतात, हे सफाई करणाऱ्या मावशींना सांगितल्यावर त्यांनी लगेच गाठ सोडली आणि म्हणाल्या, ‘हे आधी कोणी सांगितलंच नाही बघा.’

बाहेर जायचं म्हणजे सकाळपासून पाणी पिणं बंद, हा आमच्यापैकी कित्येकांचा नियम असतो. दोन तासांच्या व्याख्यानाला जायचं की नाही ते वक्त्यावर ठरत नाही, तिथल्या स्वच्छतागृहावर ठरतं. म्हणून मला कोणी विचारलं की सुरुवात कुठून करावी, तर मी रॅम्पच्या आधी हे दार उघडून बघायला सांगते.

मित्राचं वेगळंच अडलं होतं. त्याला आत येता आलं, सभासद होता येईना. अर्ज संकेतस्थळावर होता, पण कागदाचा फोटो काढून चढवलेला. तो एनव्हीडीए वापरतो. दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 साली सुरू केलेलं, पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याने अर्ज उघडला, सॉफ्टवेअर गप्प. फोटोतली अक्षरं ते आपणहून वाचत नाही. साधा मजकुराचा अर्ज करायला ग्रंथपालांना एक संध्याकाळ लागली. मग त्याचा पुढचा प्रश्न: ‘सभासद झालो, आता वाचू काय?’ इथे ग्रंथपालांनी माझ्यापेक्षा जास्त अभ्यास केला. 2013 च्या माराकेश करारानुसार, तो मान्य केलेल्या देशांत छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाची ब्रेल, ध्वनी किंवा डिजिटल प्रत करायला हक्कधारकाची परवानगी लागत नाही. अशा प्रती आधीपासून करणाऱ्या संस्थांशी बोलून त्यांनी देवाणघेवाण सुरू केली.

मग पहिला कार्यक्रम. आमचे जाहीर आभार मानायचं ठरलं आणि त्यासाठी आम्हाला मंचावर बोलावलं. मंचाला चार पायऱ्या! सभागृहात हशा पिकला, मीही हसले. अध्यक्ष माईक घेऊन खाली आले.

त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त शिकवलं ते कर्णबधिर मुलीने. दुभाषीला कोपऱ्यात अंधारात उभं केलं होतं. तिने उठून तिला वक्त्याच्या शेजारी, उजेडात आणलं. दुभाषी दोन लागतात, कारण वीस-तीस मिनिटांत हात आणि डोकं दोन्ही थकतात, हेही तिनेच आधी बजावलं होतं. वक्ते म्हणाले, ‘माझा आवाज खणखणीत आहे, माईक नको.’ सभागृहात आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचवणारं तारेचं वेटोळं बसवलं होतं, त्यात फक्त माईकमधलाच आवाज जातो. मागच्या रांगेतल्या दोन आजोबांना खणखणीत आवाजातलं काहीच कळत नव्हतं. माईक हातात दिला तेव्हा ते पुढे झुकून बसलेले मागे टेकले.

आणि तो तरुण. ‘थोड्याच वेळात सुरू करू’ हे त्याला चालत नाही. थोडा म्हणजे किती? त्याच्यासाठी म्हणून आम्ही कार्यक्रमाचा कागद केला: सहा वाजून दहा मिनिटांनी सुरुवात, सात वाजता दहा मिनिटं थांबायचं, टाळ्या कधी वाजतील, शांत बसायची खोली कुठे आहे. कागद बाहेर टेबलावर ठेवला तर तो सगळ्यांनीच उचलला. वक्ते वेळेवर थांबले ते बहुधा त्या कागदाच्या धाकाने.

यानंतर आम्हाला ‘प्रेरणादायी’ भाषणं द्यायला बोलावणं येऊ लागलं. मी नाही म्हणते. मला पुस्तकनिवड समितीत घ्या म्हटलं, घेतलं. तिथे माझं कोणी कौतुक करत नाही, माझ्या सूचना सरळ फेटाळतात, आणि ते मला फार आवडतं.

वरच्या मजल्यावरचा संदर्भ विभाग अजून बाकी आहे. सध्या सांगितलेला ग्रंथ खाली आणून देतात. पण संदर्भ विभागात माणूस ठरवलेलं पुस्तक शोधायला जातो आणि शेजारचं घेऊन बसतो. ते यादी देऊन होत नाही. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा करार आहे, त्याच्या तिसाव्या कलमात नाट्यगृहं आणि संग्रहालयांबरोबर ग्रंथालयांचंही नाव घेतलेलं आहे. ते कलम मी प्रत्येक पत्राला जोडते. समितीने जिन्याच्या कठड्यावरून सरकणारी खुर्ची सुचवली आहे. त्यात मला माझ्या खुर्चीतून उतरून बसावं लागेल आणि माझी खुर्ची पुन्हा कोणीतरी उचलून वर आणणार. मी उत्तरात लिफ्टचं माप कळवलं आहे: आतून 1100 बाय 1400 मिलिमीटर, बटणं बसून पोहोचतील अशी, मजला बोलून सांगणारी. बटणांवर उठावदार आकडे हवेत ही ओळ मित्राने घातली, आणि आत दिसणारा मदतीचा दिवा हवा, नुसती घंटा नको, ही त्या मुलीने. उत्तर यायचं आहे.